बॉयलरआबा आणि दिवेलागणीचा प्रश्न

आबांसमोर विजेविषयी कोणी काहीही बोललं की ते आधी सगळं ऐकून घेत. मध्ये तोडत नसत. बोलणारा थांबला की चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "बरं. दिवेलागणीला काय?"

कोणी म्हणे, आता सगळ्यांनी छपरावर सोलर लावलं पाहिजे, कोळसा एकदाचा बंद केला पाहिजे. "बरं. दिवेलागणीला काय?" कोणी म्हणे, तिकडे वाळवंटात एवढं मोठं सोलर उभं राहिलंय की अख्ख्या देशाला पुरेल. "पुरू दे. दिवेलागणीला काय?" सूर्य मावळतो, घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर एकदम चालू होतात, मुंबईत लिफ्ट वरखाली धावायला लागतात, आणि नेमकं तेव्हाच सोलर घरी जातं. त्या वेळेचं काय ते आधी सांगा, मग पुढचं बोला, असं त्यांचं म्हणणं. आमच्या कापडे गावाच्या नाक्यावर, चहाच्या टपरीतली पोरं त्यांना लांबून येताना बघूनच ओरडत, "आबा, दिवेलागण झाली!" आबा त्यांना एक शिवी देत आणि त्यांच्याच बाकावर जागा करून बसत.

त्यांचं नाव शंकर पार्टे. पण आमच्याकडे पार्टे पुष्कळ आणि त्यात शंकरही दोन-तीन, म्हणून गावाने त्यांना बॉयलरआबा करून टाकलं होतं. विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात त्यांची सगळी नोकरी झाली. बॉयलरवर लागले आणि कंट्रोल रूममधून निवृत्त झाले. परत आल्यावर त्यांनी कापड्यात रस्त्याला लागून छोटं घर बांधलं. मूळ घर आणि शेती वर डोंगरात, आम्ही जिला नुसती वरची वाडी म्हणतो तिथे. ते सगळं त्यांचा धाकटा भाऊ सीताराम बघत असे. त्याला सगळे तात्या म्हणत. माझ्या आईचं माहेर त्याच वाडीतलं, त्यामुळे आबा आमच्या लांबच्या नात्यातले.

मी त्यांच्याकडे जायला लागले ती माझ्या एम.ए.च्या प्रबंधामुळे. विषय होता, देशाच्या वीजपुरवठ्यात कोळशाला पर्याय. मी महाडच्या इंग्रजी शाळेत शिकले. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा आवाज घशातच राहतो, आणि मराठीत तर शब्द शोधण्यात आणखी वेळ जातो. आई म्हणाली, "आबांकडे जा. त्यांना ऐकणारं माणूस हवंच असतं. तुला बोलावं लागणार नाही."

ऐकणारं माणूस हवं असतं हे खरं निघालं, बोलावं लागणार नाही हे नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला लिहिलेलं वाचून दाखवायला लावलं. मी इंग्रजीतून वाचलं, ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले.

"झालं?" ते म्हणाले. "आता कोळशाच्या बाजूने बोल."

"पण मी कोळशाच्या विरोधात आहे."

"म्हणून तर सांगतोय. बोल गो इंग्लिश."

तेव्हापासून मी 'इंग्लिश' झाले. मी वहीची पानं उलटत राहिले. मग तेच बोलले, अर्धा-पाऊण तास, कोळशाची वकिली केल्यासारखे. त्यांच्या बायकोने, माईंनी, चहा आणून ठेवला तो निवला. शेवटी म्हणाले, "हे सगळं खरं हाय. आता ह्याला उत्तर दे. कोळशाला नुसत्या शिव्या देऊ नको. तुझ्या डोक्यावरचा पंखा त्याच्यावर फिरतोय."

विजेच्या सगळ्या पर्यायांकडे ते मुलीला स्थळं बघावीत तसे बघत. एकदा त्यांनी मला ती ओळीने सांगितली. "सूर्य. मुलगा चांगला, निर्व्यसनी, खर्च कमी. पण संध्याकाळी घरी सापडायचा नाय, आणि पावसाळ्यात आजारी. वारा. लहरी हाय, पण सूर्य आजारी पडतो तेव्हा हा जोरात असतो, म्हणून दोघांना एकत्र ठेवायला हरकत नाय. अणू. घराणं भारी, रात्रंदिवस राबणार. पण लग्न जमायला अर्धं आयुष्य जातं, आणि एकदा केलंस की सोडचिठ्ठी नाय."

"आणि कोळसा?"

"कोळसा म्हणजे जुना नवरा. बिड्या ओढतो, खोकतो, घर काळं करतो. पण रोज येतो."

आतून माई म्हणाल्या, "खोकतो ते कळलं. रोज कुठं येत होता? तीन पाळ्यांत कधी तोंड दिसलं तर दिसलं." आबा हसले आणि खरोखरच खोकले. हा भाग मला प्रबंधात घालता आला नाही.

मी एकदा धीर करून विचारलं की मग दिवसा सोलर आणि फक्त संध्याकाळी कोळसा, असं का करत नाहीत. आठवड्याने कापड्यात एक लग्न होतं. मांडवामागे जमिनीत खड्डा खणून मोठं चुलाण पेटवलं होतं, त्यावर माणूस बसेल एवढी पातेली. आबांनी मला तिथे नेलं आणि आचाऱ्याला म्हणाले, "हिला एक कप चहा करून दे, ह्याच्यावर."

आचारी चिडला. "एका कपासाठी हे पेटवू? आणि पेटलं की मग विझवू कसं? पहाटेपासनं लाकडं घालतोय तेव्हा कुठं आत्ता धग आली."

"आयकलंस?" आबा मला म्हणाले. "बॉयलर असाच असतो. थंड पडला की परत धरायला तास नि तास जातात. आच कमी करता येते, पण थोडीच. रोज संध्याकाळी पेटव आणि सकाळी विझव, असं केलंस तर पातेलं फुटेल." मग आचाऱ्याला म्हणाले, "राहू दे. घरी घेईल ती चहा." आचारी आमच्याकडे बघत राहिला.

कंट्रोल रूममधली एक सवय त्यांना शेवटपर्यंत सुटली नाही. तिथे पाळी संपली तरी पुढचा माणूस येऊन 'चार्ज घेतला' म्हणेपर्यंत खुर्ची सोडायची नसते. घरातही ते तसंच करत. गॅसवर दूध असलं आणि माई शेजारी गेल्या असल्या, तर आबा ओट्यासमोर उभे. बाहेर कोणी हाका मारू दे. माई येऊन "घेतलं हो" म्हणाल्या की मगच हलणार. एकदा एसटी सुटली त्यांची, पण दूध उतू गेलं नाही.

तात्या त्यांच्या अगदी उलटे. आबा उंच, सावकाश बोलणारे. तात्या बुटके, काटक, बोलायला फटकळ. आईवडील लवकर गेले, तेव्हा आबांनी नोकरीच्या पैशावर तात्यांना वाढवलं, त्यांचं लग्न करून दिलं. तात्यांनी दोघांची शेती केली. दरवर्षी तांदळाचं पोतं, नाचणी आणि पावसाळ्याआधी सुकट विदर्भात पोचती व्हायची. जमिनीची वाटणी कधी झाली नाही. "आमची वाटणी नाय हां," आबा अभिमानाने सांगत. तात्या म्हणत, "वाटू काय? दादाला नांगर धरता येतो का?"

त्या दोघांना एकत्र काम करताना मी एकदाच बघितलं, ते वाडीतल्या दिव्यावरून. मुंबईच्या कुठल्याशा मंडळाने वाडीला सोलरचा रस्त्याचा दिवा दिला होता. वाडीत देवाचा मोठा फणस आहे, त्याखाली पार आहे आणि संध्याकाळी सगळे तिथेच बसतात. दिवा तिथे लावला. थोडे दिवस चालला आणि मग अर्ध्या तासात मिणमिणून विझायला लागला. वाडीने निकाल दिला, सोलर आपल्या हवेला चालत नाही. तात्यांनी निरोप पाठवला, "दादा, तुझा सूर्य फुकट गेला. येऊन बघ."

आबा वर गेले, मी बरोबर होते. त्यांनी खांबाखाली उभं राहून वर बघितलं आणि म्हणाले, "ह्याला ऊन लागणार कुठनं? डोक्यावर अख्खा फणस हाय."

धोंडीआजी पारावर बसल्या होत्या. वाडीतल्या सगळ्यांत जुन्या. त्या म्हणाल्या, "मंग उजेड कुठं पायजे होता आमाला? बसतो कुठं आमी? फणसाखालीच ना?"

"उजेड फणसाखाली पायजे. पण ती वरची सोलरची पाटी उन्हात पायजे, म्हातारे."

"मंग लावायला आलेल्या पोरांनी सांगायचं नाय?"

"त्यांनी सांगितलं असंल. तुम्ही म्हणाला असाल, लावायचा तर आमच्या पारावर, नायतर घेऊन जा."

दोघं-तिघं खाली बघून हसले. म्हणजे तसंच झालं होतं. एकाने फांद्या छाटू म्हटलं, तर धोंडीआजी म्हणाल्या, "देवाचा फणस हाय तो. लाव हात, मी बघते." मग ठरलं की पाटी तात्यांच्या कौलावर बसवायची आणि तिथून पारापर्यंत वायर आणायची. घर तात्यांचं, कौलं त्यांनी शाकारलेली. पण वाडीचे अध्यक्ष बाळारामभाऊ यांनी तात्यांना काही विचारलं नाही. ते आबांकडे वळून म्हणाले, "काय आबा, पार्ट्यांच्या घराचं होय ना?"

मला हे विचित्र वाटलं. आईने मग समजावलं. गावकीत, म्हणजे गावाच्या बैठकीत, घरटी एक आवाज. भाऊ वेगळे झाले नसतील तर घर एकच धरतात, आणि थोरला असेल तर थोरल्याने बोलायचं. तात्या सगळ्या बैठकांना हजर असत, चहा वाटत, सतरंज्या झटकत, पण गावकीत त्यांचा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता. आबा विदर्भात असतानाही घराचं मत फोनवरून घेतलं जाई. हे कोणालाच खटकत नव्हतं, तात्यांनाही नाही.

आबा 'होय' म्हणाले, तात्या कौलावर चढले, आणि खालून आबा सूचना देऊ लागले. "अजून डावीकडे. दक्षिणेला तोंड कर. दक्षिण, दक्षिण! ती पूर्व हाय!"

"दादा, तू वर ये नायतर गप बस!"

त्या संध्याकाळी पारावर दिवा झोपायच्या वेळेपर्यंत टिकला. तात्या नंतर कोणीही भेटलं की सांगत, "गावाचा सूर्य माझ्या कौलावर हाय. जास्त बोललात तर झाकून ठेवीन."

विदर्भाबद्दल आबा कौतुकानेच बोलत. राखेबद्दल फक्त एकदा बोलले. जळलेल्या कोळशाची राख पाण्यात कालवून पाइपाने दूर एका तळ्यात सोडतात. ते तळं वाढवायचं होतं म्हणून तिथलं एक गाव उठवलं होतं. "देऊळ पन होतं त्यांचं आत. देव उचलून नेला, पण जागा गेली ना. वर्षातनं एकदा, देवाच्या जत्रेच्या दिवशी, ती माणसं यायची. तळ्याच्या बांधावर उभी राहायची, नारळ फोडायची आणि आत टाकायची. मी बघितलंय. राखेत नारळ बुडत नाय. नीट तरंगत पन नाय. टाकला तिथं पडून राहतो, वर्षभर." मग ते म्हणाले, "वीज कशानेही कर. कुणाची तरी जागा जाते. सोलरला पन जमीन लागते. तुझ्या प्रबंधात हे कुठल्या रकान्यात घालणारेस?"

माझ्याकडे असा रकाना नव्हता. मी एक केला, पण त्यात काय लिहायचं ते मला कळेना.

दिवेलागणीच्या प्रश्नाचं त्यांचं स्वतःचं एक उत्तर होतं. पोरांनी प्रश्न उलटवून त्यांनाच विचारला की ते टपरीवरचे दोन पेले घेत, एक उंच धरत, एक खाली. "डोंगरावर एक तळं, पायथ्याला एक तळं. दुपारी सोलर उतू जात असतं, त्याच्यावर पंप चालवायचा, पाणी वर चढवायचं. संध्याकाळी तेच पाणी खाली सोडायचं, खाली टर्बाइन. झाली वीज. पाण्याचीच बॅटरी." सह्याद्रीत अशा जागा खूप आहेत, देशाने कोळसा सोडायचा तर डोंगरवाल्यांना जागा द्यावी लागेल, असं ते कित्येक वर्षं सांगत आले होते.

मग एका कंपनीची माणसं आमच्या खोऱ्यात आली. ड्रोन उडाले, दगडांवर लाल रंगाच्या खुणा झाल्या. खालचं तळं ओढ्यावर होणार होतं आणि वरचं तळं वरच्या वाडीच्या खोलगट भागात. तिथे वाडीची भातखाचरं आहेत, पिण्याच्या पाण्याचा झरा आहे आणि खालच्या अंगाची घरं आहेत. तात्यांचं घर त्यातलं पहिलं.

टपरीवरच्या पोरांनी त्यानंतर आबांना दिवेलागणीवरून छेडलं नाही.

तात्या खाली कापड्याला आले तेव्हा मी तिथे होते. ते ओटीवर बसले नाहीत, उभेच राहिले. "दादा, गावकी बसणार हाय मे महिन्यात. मुंबईवाले सगळे होय बोलणार. त्यांचं काय जातंय, त्यांची खाचरं कवाच ओस पडलीत. पैसे मिळतील, पोरं कामाला लागतील बोलतात. पण तू नाय बोललास की ठराव बसत नाय. एका घरानं नाय म्हटलं की संपलं."

"माहीत हाय मला."

"तू इंजिनेर माणूस. तुझ्या शब्दाला वजन हाय. नाय म्हणून टाक."

आबांनी तांब्या पुढे केला. "पाणी घे," ते म्हणाले. तात्यांनी पाणी घेतलं आणि चालत वर गेले. जाताना त्यांचा चेहरा मोकळा होता. दादा नाही म्हणणार, याची त्यांना खात्री होती.

मला तशी खात्री नव्हती. त्या महिन्यात आबांनी माझा प्रबंध दोनदा पहिल्यापासून ऐकला, आणि मध्ये एकही प्रश्न विचारला नाही.

मे महिन्यात मुंबईकर आले. बंद घरांची दारं उघडली, आणि देवळाच्या मंडपात गावकी बसली. पुरुष आत, आम्ही बायका बाहेर पायऱ्यांवर. तात्यांनी सतरंज्या घातल्या आणि खांबाला टेकून आबांच्या मागे बसले. वाडीच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी दीपक उभा राहिला. तो घाटकोपरला असतो. "सिंपल मॅटर आहे. आबा स्वतः थर्मलवाले. त्यांनीच एक्सप्लेन करावं, म्हणजे विषय कट."

आबा उठले. "कंपनीवाले जे सांगतात ते खोटं नाय. कोळसा कमी करायचा असेल तर संध्याकाळची वीज कुठंतरी साठवावी लागणार. तळं हा एक चांगला मार्ग हाय."

मागून एका तरुणाने विचारलं, "आबा, मोठ्या बॅटऱ्या येतायत ना पण? स्वस्त होतायत बोलतात."

"येतायत. कदाचित उद्या त्या इतक्या स्वस्त होतील की हे तळं लागणारच नाय. मला माहीत नाय. माहीत हाय असं कोणी ठामपणे सांगितलं, तर त्याचं ऐकू नका."

"अरे पण मग होय का नाय?" दीपक हसत म्हणाला.

"घराचं नाव येईल तेव्हा सांगतो."

बाळारामभाऊ घरांची नावं घेऊ लागले. होय. होय. गाव बोलेल तसं. होय. धोंडीआजींचं घर म्हणजे त्या एकट्याच, त्या पायरीवरूनच ओरडल्या, "माझं काय, तळं भरेपर्यंत टिकले तर पोहेन. लिहा होय." सगळे हसले. तात्याही हसले.

"पार्टे."

आबा उठले आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बोला आबा."

"पार्टे लिहू नका. दोन घरं लिहा. शंकर पार्टे एक, सीताराम पार्टे एक. आजपासून आमच्या चुली वेगळ्या."

आधी कोणाला कळलंच नाही. मग एकदम गलका झाला. दीपक म्हणाला, "आबा, हा फॅमिली मॅटर नंतर घ्या ना." तात्या खांब सोडून उभे राहिले होते.

"दादा, काय बोलतोस? वाटणी कोणी मागितली?"

"मी मागतोय."

"गावासमोर? काय चुकलं माझं?"

"तुझं काय नाय चुकलं. इतकी वर्षं तुझं तोंड माझ्याकडे हाय, सीतू. मी बोललो की तू बोललास असं धरतात. मला जे बरोबर वाटतं ते मी बोलणार. ते तुझ्या नावावर जायला नको."

बाळारामभाऊंनी दोनदा विचारलं, आबा, नक्की ना? आबा नक्की म्हणाले. नावं वेगळी झाली.

"शंकर पार्टे?"

"होय," आबा म्हणाले. "दुसऱ्याच्या डोंगराबद्दल होय म्हणत आलो. आता माझ्या डोंगराला नाय म्हणू शकत नाय." आणि ते खाली बसले.

"सीताराम पार्टे?"

तात्यांच्या ओठांची हालचाल झाली. ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं बोल रे, तात्या."

"नाय!" ते इतक्या जोरात ओरडले की पायरीवरचं कुत्रं उठलं. मग ते आबांकडे वळले. "राख तुझी होती, दादा. तिच्या बदल्यात शेत माझं कशाला?"

ते उठून देवळाबाहेर गेले. आमच्या मधूनच गेले, आम्ही पाय आखडून घेतले. एक 'नाय' आला होता, त्यामुळे ठराव बसला नाही. बाळारामभाऊंनी पुन्हा बसू म्हणून सांगितलं आणि उठले. गावकीच्या नकाराला कायद्यात किती किंमत आहे ते मी शोधलं, फारशी नाही. पण कंपनीची माणसं तेव्हापासून जरा सबुरीने घेत आहेत, आणि दगडांवरचा लाल रंग फिका झाला आहे.

वाडीत दोन तट पडले. काही म्हणत, आबांनी मुद्दामच केलं, स्वतः चांगले राहिले आणि भावाच्या तोंडून नाही वदवलं. काही म्हणत, म्हाताऱ्याने पुस्तकी ज्ञानापायी भाऊ घालवला. माई त्यांच्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी भांडी आपटत म्हणाल्या, "पोटच्या पोरासारखा वाढवलात, आणि चारचौघांत वेगळा केलात. होय म्हणायचं होतं तर म्हणायचं. नाय म्हणायचं तर नाय. हे काय तिसरंच?"

मी ओटीवर होते. आत बोलणं चाललेलं ऐकू आलं की मी एरवी उठून जाते, त्या दिवशी बसून राहिले. आबा बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, ते नाही म्हणतील?"

"माहीत होतं."

"मग तुम्हाला नक्की काय हवं होतं?"

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला. "मला दोन्ही बरोबर वाटतं गो. तळं झालं पाहिजे हे पन, आणि सीतूचं शेत राहिलं पाहिजे हे पन. तुझ्या प्रबंधात असं लिहिलंस तर मार्क कापतील."

"कापतील."

"मग नको लिहू."

पुढे मला पुण्यात नोकरी लागली. आबा हिवाळ्यात गेले, न्यूमोनियाने, तीन-चार दिवसांत. मला वेळेवर पोचता आलं नाही. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पुण्याला निघण्याच्या आदल्या दिवशी, वरच्या वाडीत.

आमच्याकडे रीत आहे की घर वेगळं झालं की नव्या घराने देवाला नारळ द्यायचा आणि गावकीला जेवण घालायचं. त्याशिवाय ते घर गावकीत बसत नाही. तात्या बैठकीनंतर आबांशी एक शब्दही बोलले नव्हते. तरी त्यांनी नारळ दिला आणि जेवण घातलं. आबांना बोलावणं पाठवलं ते सगळ्या गावाबरोबर, बाळारामभाऊंच्या हाती. आबा आणि माई वर चालत आले. ज्या घरात ते जन्मले त्याच्या पडवीत ते बाकीच्यांसारखे बाहेर बसले, कोणी 'चला' म्हणेपर्यंत.

दुपारची वेळ होती. अंगणात मांडव घातला होता, त्याखाली पुरुषांची पंगत बसली. पत्रावळींवर वालाचं बिरडं, पापड, लोणचं वाढून झालं. भात मात्र नव्या घरधन्याने स्वतः वाढायचा असतो. तात्या पातेली कमरेशी धरून ओळीने वाढत आले. त्याच खाचरांतला तांदूळ होता, थोडा लालसर. प्रत्येक जण दुसऱ्या डावाला हात आडवा धरून "बस, बस" म्हणत होता. दीपक तर पहिल्यालाच म्हणाला.

तात्या आबांसमोर आले. एक डाव वाढला. आबांनी वर पाहिलं नाही. दुसरा वाढला. तिसरा. आबांनी हात आडवा धरला नाही आणि तात्या थांबले नाहीत. चौथा वाढताना भात बिरड्यावर घसरला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, माझ्या शेजारी माई. त्यांनी पदर तोंडाशी धरला. तात्या पातेली घेऊन पुढे गेले.

पंगत जेवली. एकेकाची पत्रावळ संपत आली. आमच्याकडे पंगत एकदम उठते, सगळ्यांचं झाल्याशिवाय कोणी उठत नाही. आबा जेवत होते. बिरडं संपलं, तात्यांची बायको, काकी, वाढायला पुढे झाल्या तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि कोरा भात खाऊ लागले. घास लहान, सावकाश. सगळ्यांचे उष्टे हात वाळायला लागले. दीपकने डाव्या हाताने मोबाइल काढला आणि बाळारामभाऊंनी बघितल्यावर परत ठेवला. पोरं चुळबुळत होती, त्यांना कोणीतरी दटावलं. तात्या रिकामी पातेली घेऊन पंगतीच्या टोकाला उभे होते, मग चालत आबांसमोर येऊन उभे राहिले. आबांनी मान वर केली नाही. भाताचा ढीग अजून अर्धा होता. अख्खी गावकी बसून होती, आणि आबा आपल्या भावाचा भात शितागणिक संपवत होते.